माशाची वसई-बोली

१२ नोव्हेंबर २००६
आजपासून सिरियस रिसर्च. वटारच्या पॉलिन आंटींकडून ब्लॅक घोस्ट मासा आणला. काळाकुट्ट, सुरीसारखा चपटा. अंगातून सतत बारीकशी वीज सोडतो, अंधारात त्यावरच वाट काढतो. असल्या माशांची नदी बदलली की सिग्नल बदलतो, असं नेटवर वाचलं. म्हणजे बोलीच! वसईत गावागणिक बोली बदलते, तसंच. माझा प्रश्न: वसईच्या पाण्यात मासा वसईचं बोलतो का? आजपर्यंत कोणी विचारलेला नाही. (चेक करणे.)

मासा तसा आंटींच्या नवऱ्याचा, व्हिन्सेंट अंकलचा. ते बोटीवर नोकरीला, नाताळला येतील. आंटी म्हणाल्या, "फोनवर आधी त्याची चौकशी करतात, मग माझी. पुढच्या रविवारी परत आण हां." विहिरीच्या पाण्याचा कॅनही दिला. नळाचं घालू नको म्हणाल्या.
रविवारी नक्की परत.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळी
सेलवरच्या टेपरेकॉर्डरला दोन वायरी जोडून टोकं टाकीत सोडली. हेडफोनमध्ये जाडसर घूंऽऽऽ. मासा बोलतोय! आईला ऐकवलं. तिने विचारलं, त्याला खायला घातलंस का. उद्या नक्की.

१५ नोव्हेंबर
मोठा शोध. दुपारी लोडशेडिंगच्या वेळी मासा गप्प बसतो. लाइट आली की पुन्हा घूंऽऽऽ. एमएसईबीचं टाइमटेबल त्याने आत्मसात केलंय! हेच लोकल व्हेरिएशन. गप्प असताना मागे एक बारीक शिट्टी ऐकू येते. सेल उतरले असावेत. इग्नोर.

१८ नोव्हेंबर
सेल बदलले. शिट्टी तशीच. रेकॉर्डरच भंगार आहे. बाबा म्हणाले, कॉलेजचं सबमिशन कधी करणार. मोठ्या कामात असं होतंच.

१९ नोव्हेंबर
रविवार. परत नेला नाही. आंटींना फोन केला, रिसर्च क्रिटिकल स्टेजला आहे म्हणालो. त्यांना क्रिटिकल एवढंच ऐकू आलं असावं, कारण त्या घाबरून म्हणाल्या, कुठल्या डॉक्टरला दाखवलं? वाईट वाटलं. फार नाही.

२१ नोव्हेंबर
विहिरीची बोली झाली. आता नळाची. तुलना नको का? अर्धी टाकी रिकामी करून नळाचं पाणी भरलं. आंटी नको म्हणाल्या होत्या, पण त्या सायन्सच्या नाहीत.

२२ नोव्हेंबर, दुपारी, लोडशेडिंग
शिट्टी बंद! शेवटी एकदाचं क्लीन रेकॉर्डिंग. मासाही मस्त रिलॅक्स, आडवा पडून आहे.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळी
रिलॅक्स नाही.

लाइट आली. मासा तसाच. हेडफोनमध्ये घूंऽऽऽ चालू.

२३ नोव्हेंबर
टाकी रिकामी करून साधं पाणी भरलं, वायरी सोडल्या. घूंऽऽऽ. बादलीत सोडल्या. घूंऽऽऽ. आमच्या घराच्या वायरिंगचा आवाज आहे तो. दहा दिवस मी एमएसईबीची बोली टिपत होतो. मासा बोलत होता तो शिट्टीत, आणि ती मी सेल बदलून घालवायला निघालो होतो.
जेवलो नाही. नंतर जेवलो.

२६ नोव्हेंबर
मुंबईहून दुसरा आणला. सेम टू सेम. एका जातीचे दोन मासे यंत्राशिवाय ओळखणं माणसाला शक्यच नाही. आंटींकडे पोचवला. त्या खूश. चहा घे म्हणाल्या, मी घाई आहे म्हणालो. घाई नव्हती. झालं ते झालं, चॅप्टर क्लोज.

१० डिसेंबर
क्लोज होत नाहीये. दुसरं कोणी असतं तर सरळ सांगून टाकलं असतं. पण मी सांगितलं तर आंटींनाच त्रास. त्यांच्यासाठी गप्प आहे.

२४ डिसेंबर
अंकल आले. आंटींनी मुद्दाम बोलावलं.
अंकलनी बाही वर करून हात टाकीत घातला, तळवा उघडा. मासा कोपऱ्यातल्या पाइपमध्ये शिरला तो बाहेरच येईना. अंकल म्हणाले, आमचा हातावर येऊन आडवा पडायचा. मी म्हणालो, पाणी बदललं की काही माशांचा स्वभाव बदलतो अंकल, त्यावर स्टडीज आहेत.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आमचा कुठे ठेवलास?"
मी म्हणालो, बिल्डिंगच्या मागे, कढीपत्त्याखाली.
"बरं केलंस. गटारात नाही टाकलास."
आंटी म्हणाल्या, मला त्याच दिवशी कळलेलं, तू कधी चहाला नाही म्हणतोस का. मग केक कापला. मी दोन तुकडे खाल्ले. दुसरा अंकलनीच डाव्या हाताने पुढे केला. उजवा अजून पाण्यातच होता.
रिसर्चचं काय झालं, कोणी विचारलं नाही.