गॅस न पेटवता खायचं

आई,

लांबच्या लेकीचा तुला आणि बाबांना नमस्कार. मी मजेत आहे. बातम्या बघत जीव टांगणीला लावून बसू नकोस.

जुनी चित्रं दुरुस्त करायला शिकायला आले, पण सध्या संग्रहालयात आम्ही ती उतरवून पेट्यांत भरतोय. साफसफाईसाठी, असं साहेब म्हणतात. भिंतींवर नुसते फिकट चौकोन उरलेत. तरी लोक येतात आणि त्या चौकोनांसमोर उभे राहतात.

रविवारी सिनेमा पाहिला. दिवे मालवण्याआधी सगळ्यांना तळघराचा जिना दाखवला. सिनेमा विनोदी होता, पण फारसं कुणी हसलं नाही.

घरमालकीण मावशी मला जपतात. त्यांचा पाव मला जमू लागलाय, माझ्या फोडणीला त्या खोकत खोकत दाद देतात. एरवी विचारायच्या, तुमच्याकडे पाहुणे आले की काय करता? काल म्हणाल्या, "गॅस न पेटवता खाता येईल आणि महिनाभर टिकेल, असं तुमच्यात काय असतं?"

म्हटलं, आईला विचारते.

बाबांचा गुडघा कसा आहे? दादाला सांग, माझ्या तिकिटासाठी धावपळ नको. विमानं सुरू झाली की बघू.

तू प्रवासाला बांधून द्यायचीस ते सगळं कृतीसकट लिही. प्रमाण जास्तीचं सांग, खालच्या मजल्यावर एक लेकुरवाळी आहे. लवकर लिही, टपाल अजून चालू आहे.

आणि आई, खाल्ल्यावर तहान लागणार नाही, असंच काहीतरी सांग.

तुझी,
धाकटी