पोटुशीचं ताट

आत्याबाई,

तुमची नात आत माजघरात झोपली आहे. आठवा लागलाय तिला. जेवण झालं आणि आडवी झाली, तिचं घोरणं इथं ओसरीवर ऐकू येतंय. बाळंतपणाला आलेली लेक झोपली की माझ्या हाताला काम उरत नाही, आणि काम उरलं नाही की तुम्ही आठवता. तुम्हाला वाचता येत नव्हतं. पोस्टमन वाडीत शिरला की तुम्ही पदर तोंडाशी धरून विचारायचात, "कोन गेलं?" कागद म्हणजे मयताची खबर, एवढाच कागदाचा उपयोग तुम्हाला ठाऊक. मीही आज तसलीच खबर लिहिते आहे, फक्त ज्यांची आहे त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली.

मी लोणावळ्याच्या बाजारातली, वाणसामानाच्या दुकानदाराची मुलगी. दुकानात बसून चार अक्षरं शिकलेली आणि खाण्याला लाडावलेली. खोबरं, गूळ, शेंगदाणे यांची पोती कायम उघडी, येता-जाता मूठ भरायची. लोहगडाखालच्या तुमच्या वाडीत, बिजवराला दिली म्हणून आई रडली; पण भाताची जमीन आहे, सासू कामसू आहे, पोर उपाशी राहायची नाही, असं बाप म्हणाला. आता त्याचं हसू येतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या गळ्यात चांदीचा टाक बांधलात, माझ्या आधीच्या सुनेच्या नावाचा. ती पहिल्याच खेपेला, मूल पोटात असताना गेली होती. दुसरेपणाच्या बायकोने मेलेल्या सवतीचा टाक घालायचा ही रीत मला माहीत होती, पण बांधलेली गाठ तुम्ही दोनदा सोडून पुन्हा बांधलीत, ते कुठल्या रीतीत बसत नव्हतं. "हिला इसरू नगंस," एवढंच म्हणालात.

मला दिवस गेले तेव्हा सुरुवातीला ओकाऱ्यांनी अन्नच जाईना, त्यामुळे तुमचा बेत माझ्या ध्यानात आला नाही. चौथ्या महिन्यापासून भूक लागायला लागली, मग कळलं. माझं ताट तुम्ही स्वतः वाढायचात, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. नाचणीची अर्धी भाकरी, तिच्यावर पळीभर आमटी. दूध बंद, तूप बंद, शेंगदाणा बंद, गूळ तर नजरेलाही पडू द्यायचा नाही. "पोटात जागा येवढीच हाय. तू भरलीस का ते भरतं, आन ते भरलं का वाटंत आडतं," असं तुमचं गणित. दर सोमवारी सकाळी मला चुलीपुढं बसवून माझा हात धरायचात आणि मनगटातल्या हिरव्या बांगड्या बोटाने गोल फिरवून बघायचात. बांगडी मोकळी फिरली तर अर्धी भाकरी चालू. जराशी अडली की तो आठवडाभर चतकोर. माझा बाप तराजूवर गुळाची ढेप तोलायचा, तसं तुम्ही मला त्या बांगडीवर तोलायचात.

वाडीला हे कसं पटावं? आपल्याकडे पोटुशी बाई म्हणजे सगळ्या गावाची. ती जाईल तिथं तिच्या हातावर काहीतरी ठेवतात. शेजारची मावशी मला पाण्याच्या वाटेवर गाठायची आणि ओटीत उकडलेल्या शेंगा टाकायची. एकदा तर ती तुमच्या तोंडावर बोलली, "आगं, दोन जिवांची हाय ती. गाभन म्हशीला तरी आसं कुनी तोडतं व्हय?" तुम्ही माझ्या ओटीतल्या शेंगा काढून तिच्याच पदरात टाकल्यात. "तुजी सून आली का तिला चार. हितं माजं चालतंय," म्हणालात. त्यानंतर आपल्याकडे हळदीकुंकवालासुद्धा कुणी फिरकेना. डोहाळजेवण तर तुम्ही केलंच नाहीत. आईने माणसाबरोबर लाडवांचा डबा धाडला, तो तुम्ही गोठ्यात नेऊन बैलांपुढं ओतलात. मी दारात उभी राहून बैलांची तोंडं हलताना बघत होते. त्या दिवशी मनातल्या मनात तुम्हाला काय काय शाप दिले ते इथं लिहीत नाही, लिहायला लाज वाटते.

भूक माणसाला काय करायला लावते ते आजकालच्या पोरींना सांगून कळायचं नाही. मी उखळाशी उभी आहे, भात कांडते आहे. पोटात मूल लाथा मारतं आहे. तुमची पाठ वळली की मी मूठभर कच्चे तांदूळ गालात धरते आणि मुसळाचा आवाज होईल तेवढ्यात चावते. सारवलेल्या भिंतीचा पोपडा काढून खाते. तुमचा मुलगा, माझा नवरा, शेतावरून येतो, जेवतो, माझ्या ताटाकडे बघतो आणि मान खाली घालतो. एकदा मी त्याला म्हटलं, आईला काही बोला की. तो म्हणाला, "मागच्या येळंला आमी कोनीच काय बोललो न्हाई." याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

दर अमावस्येला तुम्ही त्या मेलेल्या सुनेचं पान वाढायचात. परसात जांभळीखाली पत्रावळ मांडायची, तिच्यावर तांदळाची भाकरी, पांढरा भात, भातावर तुपाची धार, गुळाचा खडा, वाटीभर दूध. जे जे मला बंद, ते ते सगळं तिला. माझा सातवा सरत आला होता. दिवेलागणीला मी लाकडं आणायला म्हणून परसात जाते. कावळे आपापल्या जागी जाऊन बसलेत, पान तसंच आहे. मी खाली बसते, तुपाचा भात उचलते. इतका गोड घास मी जन्मात खाल्लेला नाही. दुसरा तोंडात जातोय तोच तुमचा हात माझ्या मनगटावर पडतो. मला वाटलं, आता ही मला चुलीतल्या लाकडाने डागणार. पण तुम्ही नुसती पत्रावळ ओढून घेतलीत आणि माझ्याशेजारी मातीत फतकल मारून बसलात.

"तुला बी जायाचं हाय का तिच्या मागं?" तुम्ही विचारलंत. मग पत्रावळीकडे बघत बोलत राहिलात. "म्याच चारली तिला. आईयेगळी पोर, म्हनलं आपुन आईच्या जागी. म्हशीचं दूध, लोन्याचा गोळा, लाडू. लय ग्वाड दिसाया लागली. त्वांड भरलं, पाय भरलं, हात भरलं. समदी म्हनायची, सून पोसावी तर हिनं. आठव्यात बांगड्या मनगटात रुतल्या, तेल लावून बी निगंनात, वाढवाया लागल्या, तवा बी मी हसलेच. मग डोकं दुकतंय म्हनाली. डोळ्याम्होरं अंधारी येतीया म्हनाली. सांजच्याला दातखीळ बसली, आंग वाकडं झालं, आचकं आलं. प्वार पोटातच ऱ्हायलं. म्या चारून मारली तिला, ह्या हातानं."

तुम्ही रडला नाहीत. उठलात आणि पत्रावळ गाईपुढं ठेवून आलात. माझ्या मनात आलं, ही बाई वेडी आहे, हिच्या हाती माझा जीव आहे, उद्याच लोणावळ्याला पळावं. पळाले नाही. पुढच्या सोमवारी मी आपणहून चुलीपुढं जाऊन बसले आणि हात पुढं केला. तुमची भीती मला लागली होती. त्यानंतर मी कच्चे तांदूळही खाल्ले नाहीत, आणि मावशी वाटेत दिसली की मीच वाट बदलायची.

दिवस भरायच्या थोडं आधीच कळा आल्या. सुटका इतकी सोपी झाली की सुईण म्हणाली, "ह्येला काय बाळंतपन म्हनत्यात व्हय? कोंबडीनं आंडं घालावं तसं मोकळी झालीस." तुम्ही देवापुढं नाक घासलंत. मुलगी होती, ओंजळीत मावेल एवढी. तिला रडताही येत नव्हतं धड, आणि अंगावर ओढायचं बळ नव्हतं. मी कापसाच्या बोळ्याने दूध पाजत होते, ते ओठाच्या कडेने बाहेर यायचं. बारशापर्यंत राहिली नाही. तुम्हीच तिला फडक्यात गुंडाळून ओढ्याकडे घेऊन गेलात, परत आलात, पाय धुतलेत आणि चूल पेटवलीत. मी एकदाच विचारलं, "आत्याबाई, असं कसं झालं हो?" तुम्ही म्हणालात, "तू हायस न्हवं." आणि मग मला जे खाऊ घातलंत ते माझ्या आईनेही घातलं नसतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तुपात बुडवलेला भात. माझ्या छातीतलं दूध मी पिळून मातीत टाकत होते आणि तुम्ही पुढ्यात ताट ठेवत होतात. मी सगळं खाल्लं. त्या खाण्याचा राग अजून माझ्या पोटात आहे, तो कुणावर काढायचा ते मला कधी कळलं नाही.

पुढच्या खेपेला मी चौथ्याच महिन्यात माहेरी निघून गेले. तुम्ही अडवलं नाहीत. तिथं पोटभर खाल्लं आणि ही झाली, जी आत्ता घोरते आहे. अवघड गेली, पण दोघी धडधाकट उठलो. तुम्ही बघायला आला नाहीत. मी तिला घेऊन वाडीत आले तेव्हा तुम्ही उंबऱ्यातूनच आधी माझं मनगट बघितलंत आणि मग तिला घेतलंत. पुढं ती तुमच्या कडेवरून खाली उतरायची नाही. ती परकरी असताना तुम्ही गेलात, आणि तुमच्या तोंडात शेवटचं पाणी तिनेच घातलं.

आता खबर सांगते. मागच्या पंधरवड्यात हिला लोणावळ्याच्या दवाखान्यात नेली होती. या लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळत नाही, साखर मिळत नाही, पण डॉक्टरीणबाई मिळते, हे एक बरं आहे. त्यांनी हिचे पाय दाबून बघितले, पापण्या बघितल्या, सगळं ठीक आहे म्हणाल्या. माझ्याने राहवलं नाही. तुमच्या थोरल्या सुनेचं सगळं सांगितलं, दूध, लोणी, रुतलेल्या बांगड्या, अंधारी, आचके. बाई हात पुसता पुसता ऐकत होत्या. म्हणाल्या, "मावशी, ते खाण्यामुळे नव्हतं. अंगाला सूज आली होती ती. काही बायकांना होतो तो आजार. तिला उपाशी ठेवली असती तरी झाला असता." मग मी न विचारताच त्यांनी पुढचं सांगितलं, "उलट पोटुशी बाई उपाशी राहिली तर मूल अशक्त होतं, तग धरत नाही. हिला पोटभर घाला. आणि डोकं दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर त्याच पावली घेऊन या."

तर तुम्ही तिला मारलं नाहीत, आत्याबाई. इतक्या अमावस्या तुम्ही त्या जांभळीखाली पान मांडलंत, ते पाप तुमचं नव्हतंच. परतीच्या वाटेवर, गाडीत, मालवली स्टेशनपर्यंत माझ्या मनात एवढंच होतं, की तुम्ही असतात तर तुमचे खांदे धरून हे सांगितलं असतं. मालवलीला उतरले आणि तिथल्या बाकावर बसून राहिले. कारण बाईंचं पहिलं बोलणं तुम्हाला सांगायचं तर दुसरंही सांगावं लागतं. थोरलीचं मरण तुमच्या डोक्यावरून उतरवायचं आणि माझ्या ओंजळीतल्या मुलीचं तिथं ठेवायचं. तुम्ही आम्हा दोघी सुनांवर सारखीच माया केलीत, हे मला ठाऊक आहे, आणि तेच मला सोसत नाही. तरुणपणी सांगितलं असतं मी, रागाच्या भरात, सगळ्या वाडीपुढं. आज तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा फार लहान नाही मी, आज नाही सांगवत. हा कागद संध्याकाळच्या चुलीत जाईल.

दवाखान्यातून आल्यापासून लेकीला मी पोटभर वाढते. रेशनमधून काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण घरचा तांदूळ आहे, म्हैस आहे, तिला कमी पडू देत नाही. वाडीतल्या बाया येतात, तिच्या दंडाला हात लावून म्हणतात, लेक कशी छान भरली, माहेर मानवलं हिला. मी हसते आणि लेकीच्या मनगटाकडे बघते. रोज सकाळी तिच्या पायाची नडगी दाबून बघते, ती चिडते. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मला पटलंय, त्यात तिळमात्र शंका नाही. मी तिच्यापुढं ताट ठेवते, लोणी वाढते, आणि समोर बसते. आज दुपारी तिने अर्धी भाकरी खाल्ली आणि ताट सारलं. "आई, तू वाढतेस भरपूर, पण अशी बघत बसतेस की माझ्या घशाखाली उतरत नाही," म्हणाली. चार दिवसांपासून ती असंच करते आहे, आज बोलली. खा गं बाई, असं म्हणायला तोंड उघडलं होतं मी. ती हात धुवायला उठली, मी तिचं उरलेलं ताट उचललं, आणि आत्याबाई, मला बरं वाटलं.