टेम्पोतले मामा

प्रिय हिरादादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. परवा शेजारच्या प्रितेशच्या हळदीला त्याचा मामा खुर्चीत पेंगत होता, तर पोरं ओरडली, "मामांना उठवू नका, लग्न मोडेल!" अख्खा मांडव हसला. तुझ्या सिनेमातलं वाक्य, दादा! अठरा वर्षं झाली तरी लोकांच्या तोंडी आहे. गोष्ट तरी काय, सकाळी लग्न, आदल्या रात्री मामा गेलेला, सुतक लागू नये म्हणून मढ्याला फेटा बांधून पहाटेपर्यंत टेम्पोतून फिरवायचं. शूटिंगला राहनाळच्या गोदामात तू मढं होऊन पडलेलास तेव्हा वाटलं नव्हतं, याला कोणी हसेल. माझी उन्नती म्हणते, "आई, त्यात वाईट कुणीच नाही गं. सगळ्यांना फक्त लग्न पार पाडायचंय." टेम्पोतला तो माझा सख्खा मामा, असं ती कॉलेजात सांगते, तर कुणाला पटत नाही.

सिनेमा लागला तेव्हा बाबा थेटरातून अर्ध्यात उठून गेले होते. घरी येऊन, "जित्यापनी मढं झालास, माझ्या दारात उभा राहू नको," म्हणाले. तू लूमवरची नोकरी सोडून सुरतेला गेलास. आईच्या दहाव्याला आलास, तेव्हाही बाबांशी न बोलता परतलास. लोक चिडवतात म्हणून बाबा रागावले, असंच मी इतकी वर्षं धरून चालले.

हल्ली ते नारपोलीला माझ्याकडेच असतात. गेल्या महिन्यात उन्नती मोबाइलवर सिनेमा बघत होती. मी बंद कर म्हणून खुणावलं, पण बाबा म्हणाले, "राहू दे." फेट्यातला तुझा चेहरा जवळून दिसतो ना, तिथे त्यांनी थांबवायला लावलं, परत मागे न्यायला लावलं. मग मोबाइल डोळ्यांशी नेऊन म्हणाले, "बघ, पोट हालतंय. श्वास घेतोय माझा पोर." थेटरातून ते का उठले, ते मला तेव्हा कळलं. त्यानंतर मात्र इतके हसले की बशीतला चहा लुंगीवर सांडला. आता रोज बघतात.

पुढच्या रविवारी इथली पोरं मैदानात पडदा लावून तो दाखवणार आहेत. मामा येणार का, असं त्यांनी विचारलं, तर बाबांनी परस्पर सांगून टाकलं, "येनार." मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, "रूपे, त्याला लिव." आता शेजारीच बसलेत. मघाशी म्हणाले, "लिव, बाप चुकला." मी लिहिलं. मग म्हणाले, "खोड ते. आला का मीच सांगन."

मी खोडलेलं नाही.

तुझीच धाकटी,
रूपा