पाणथळ आणि रबरी नळी यांच्या वाटणीबाबत

मी, खाली सही करणारी, फोटोफ्रेमच्या दुकानाची मालकीण, वय वर्षे शहात्तर, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने आणि बऱ्याचशा रागाने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो वाचून माझ्या मुलाचा चेहरा पडला, हे मी स्वतः पाहिले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकायला आलेले आल्या पावली परत गेले. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे, धाकट्या दिरांनी परस्पर टाइप करून आणलेले धरून, रद्द समजावीत.

कलम १. राहते घर, खालचे दुकान आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळावी. पोटचा गोळा आहे, इलाज नाही. "आई, मागच्या त्या डबक्यात भराव टाकला की चार मजले उभे राहतील," असे तो भरल्या ताटावर बोलला. तेव्हापासून मी त्याच्या पंक्तीला बसत नाही.

कलम २. काच कापायची हिऱ्याची कलम आणि पट्ट्यांची करवत सुनेला. तिचा हात सरळ चालतो, तोंड तिरके चालते. धंद्याला हात लागतो.

कलम ३. धाकटे दीर हे निसर्ग सुशोभीकरण मंडळाचे अध्यक्ष आहेत. मंडळाची जी सन्मानपत्रे त्यांनी माझ्याकडून फ्रेम करून घेतली, ती त्यांना परत द्यावीत. फ्रेमा काढून घ्याव्यात, नुसते कागद द्यावेत. अंगणात मंडळाचे दोन सिमेंटचे बगळे पडून आहेत, तेही न्यावेत. तिघांचे चांगले जमेल.

कारण लिहून ठेवते. कोणी बडे पाहुणे यायचे होते, फोटोत पाणी दिसायला हवे होते. म्हणून ऐन पिल्लांच्या दिवसांत मंडळाने घरामागच्या पाणथळीतले पाणकणीस मुळापासून कापायला माणसे आणली. भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, हे गबाळ एकदा निघालं की पक्षी कसे स्वच्छ दिसतील बघा!" पक्षी त्या गबाळातच अंडी घालतात. अध्यक्षांना हे ठाऊक नव्हते, आणि बगळे सिमेंटचे असल्यामुळे तेही काही बोलले नाहीत.

कलम ४. सदर पाणथळ जमीन. उत्तरेस माझे घर, दक्षिणेस नाला, पश्चिमेस रस्ता आणि पूर्वेस दातांच्या डॉक्टरणीची भिंत. ही जमीन त्या डॉक्टरणीला आणि तिच्या रविवारच्या टोळीला सामाईक मिळावी. हे वाक्य लिहिताना पेनचे टोक कागदातून आरपार गेले, ते वयामुळे नव्हे, संतापामुळे.

या बाईने माझे वर्कशॉप अडवले. पायाचे खड्डे खणून झाले होते. ही अर्ज घेऊन कचेरीत गेली, की ही पाणी जिरायची जागा आहे. खड्ड्यांत आता बेडूक नांदतात. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद. दाढा ठणकल्या तरी मी तिचा जिना चढले नाही. बस धरून पार दुसऱ्या टोकाला गेले, आणि तिथे बसवलेल्या कवळीने आजवर घासापेक्षा जीभच जास्त चावली आहे.

तरी ती दर रविवारी यायची. भिंतीवरून, न विचारता, जलपर्णी उपसायला. सोबत दूधवाला, निवृत्त शाळामास्तरीण, सायकलवाला आणि त्यांची पोरेबाळे. मी खिडकीतून रबरी नळी सोडली. ही चिंब भिजून वर पाहत म्हणते, "मावशी, जरा डावीकडे मारा, तिथला चिखल सुटत नाहीये." पुढच्या रविवारी सगळी टोळी रेनकोट घालून आली. इतकी निर्लज्ज माणसे मी उभ्या जन्मात पाहिली नाहीत.

पण पाणकणीस कापायला माणसे आली, तेव्हा ही दवाखाना उघडा टाकून पांढऱ्या कोटासकट कमरेएवढ्या चिखलात उभी राहिली. मागून टोळी आली. हातात हात धरून त्यांनी रांग केली. भाऊजी ओरडले, "बाहेर निघा! ही आमच्या वहिनींची खासगी जागा आहे!" सगळ्यांनी माझ्या खिडकीकडे पाहिले. माझ्या एका शब्दावर टोळी बाहेर गेली असती. मी नळी सोडली, ती भाऊजींवर. टोपी नाल्यापर्यंत वाहत गेली. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

त्या वर्षी पाणकोंबडी पिल्ले घेऊन माझ्या वर्कशॉपच्या खड्ड्यात उतरली. मी दुकान बंद ठेवून बघत बसले. माझा जीव त्या जागेत अडकला आहे, हे इथे लिहिते, कारण तोंडाने कोणाला सांगणार नाही. माझ्यामागे तिथे भराव पडेल या विचाराने मला झोप येत नाही. जी बाई मला घाबरली नाही, ती माझ्या मुलाला आणि दिराला काय घाबरणार? म्हणून तिला. माफ केले म्हणून नव्हे.

अटी: बाक नको, कारंजे नको, रंगीत दिवे नकोत, माझी पाटी नको. मी प्रेमळ होते असे कोणी भाषणात म्हणाल्यास त्याला तिथेच चिखलात ढकलावे.

कलम ५. माझी कवळीही डॉक्टरणीलाच द्यावी. तिने ती नीट तपासावी आणि जन्मभर हळहळावे.

कलम ६. रबरी नळी. कुठेही गळत नाही. तीही तिलाच. तिच्या भिंतीला नळ आहे, मी पाहून ठेवला आहे. मातीचा ट्रक कुंपणाशी आला तर ती कशी धरायची हे तिला शिकवावे लागणार नाही. तिने ती समोरून पाहिली आहे.

हे सर्व मी पुन्हा वाचले. वाचताना पुन्हा राग आला, म्हणजे बरोबर लिहिले आहे. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले आणि न हसण्याचे कबूल केले.

साक्षीदार: औषधांच्या दुकानाचा मालक (सही)
साक्षीदार: पोस्टमन (सही, हा हसला)

ठिकाण: मागची खोली, खिडकी उघडी.
तारीख: आजचा रविवार. टोळी खाली चिखलात आहे. सही झाली की मी नळी सोडणार आहे. जरा डावीकडे.

(सही) फ्रेमवाली