स्लॅबखाली जाण्याआधी

मी, गंगम्मा व्यंकटी बिराजदार, वय बेचाळीसच्या आसपास, धंदा क्लासच्या पोरींची मेस, राहणार लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. शिक्षण तिसरी, तेव्हा चुका काढत बसू नये. डोकं ठिकाणावर आहे, कुणाची जबरदस्ती नाही. लई भ्याले आहे, पण भ्यालेलं माणूस खुळं नसतं. उद्या सकाळी गळ्याची गाठ काढणार आहेत, म्हणून ही व्यवस्था.

घर, वरच्या पत्र्यांसकट, दीर गुरुलिंग यांना. "वहिनी, पोरी भाजून निघाल्या, आता तरी स्लॅब टाका," असं ते दर उन्हाळ्यात म्हणतात. भावजी, स्लॅब टाकाल त्या दिवशी घर तुमच्या बायकोचं, रुक्मिणबाईचं. ती तुम्हाला चांगली ओळखून आहे.

मेसची भांडी, शेगडी आणि मोठा कुकर माझ्या हाताखाली रांधणाऱ्या पारूबाईला. आमटी पातळ करायची नाही, पोरी जागून वाचतात.

आता पुस्तक. माझे मालक दवाखान्यात झाडलोट करायचे. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी गाव सोडताना त्यांना दिलेलं. लॅटिन शब्दांचे इंग्रजी अर्थ सांगणारा फार जुना कोश आहे म्हणे. भूकंपात आमच्या घरातून धड निघालेली वस्तू ती एवढीच. इतके दिवस मी त्यावर पापड दाबले. ते मनतशाला द्यावं. ही माझ्या मेसमधली अहमदपूरची पोरगी, डॉक्टरकीसाठी दुसऱ्यांदा परीक्षेला बसतीय.

माझ्या रिपोर्टावर 'स्ट्रुमा' लिहिलंय. डॉक्टर "छोटंसं ऑपरेशन, मावशी" म्हणून मोकळे झाले. मनतशाने कोश उघडला.

"गळ्यातली सूज, मावशी. राजाची व्याधी असंपण म्हणायचे. राजानं हात लावला की बरी व्हायची म्हणे."

"निजाम तर गेला. कलेक्टरला बोलवू का?"

दोघी हसलो. मग मी म्हटलं, भुलीचा शब्द काढ. पानं उलटून दमली.

"न्हाई मावशी. आत्तासारखी भूल तेव्हा नव्हतीच. माणूस जागं असताना कापायचे."

"मग बरंच होतं की."

तिला थट्टा वाटली. थट्टा नव्हती. किल्लारीच्या भूकंपात मालक आधीच बाहेर पडले होते. मी गाढ झोपेत. मला उठवायला ते परत आत आले, मला दाराबाहेर ढकललं, आणि वरचं मातीचं माळवद त्यांच्यावर बसलं. तेव्हापासून उशाशी तांब्यावर पेला उपडा ठेवते. जमीन हलली की पेला पडतो, वाजतो, मी अंगणात. उद्या मला भूल देऊन दवाखान्याच्या स्लॅबखाली निजवणार, आणि पेला वाजला तरी मला ऐकू येणार नाही. गाठीचं भ्या नाही मला. ह्याचं आहे.

मनतशा म्हणाली, "मी दारात बसते, पेला मी बघते." डॉक्टरांनी हसून परवानगी दिली. हसू द्या.

म्हणून शेवटचं कलम, पण आधी पाळायचं हेच. मनतशा, पेला सपाट जागेवर ठेव. पडला तर सरळ रस्त्यावर पळ. मला उठवायला आत यायचं न्हाई. आलीस तर पुस्तक मिळणार न्हाई.

साक्षीदार, माझ्यासमोर सही केलेले:
१. खाजामियाँ, माझ्या घरावर पत्रे बसवणारे
२. राजकन्या, शेजारीण

सही: गंगम्मा
लातूर, अंगणात बसून, १२ मे २००६