सोमवारी ओळख द्यायची आहे

सुलतानपूर, ता. मेहकर
माघ, सन १९२४

प्रिय शालिग्राम,

तुम्ही जिवंत आहात. काल तहसिलीचा चपराशी हुकूम घेऊन आला आणि भगवंतराव पाटलांनी तो चावडीवर वाचून खात्री दिली. "रुखमे, कुंकू लाव वं! नवरा जिता हाये तुहा. अन् सात सालाची पेन्शन सरकारले वापस कर!" लोक हसले. मी घरी येऊन म्हशींना वैरण टाकली.

नावाने हाक मारली म्हणून रागावू नका. जित्या नवऱ्याचं नाव बाई घेत नाही, मेलेल्याचं तहसिलीत घ्यावंच लागतं. पहिल्या वेळी पेन्शनीच्या खिडकीपाशी तुमचं नाव माझ्या तोंडून निघेना. कारकून खेकसला, "बोल ना, कोनाची बेवा तू?" तेव्हापासून जीभ सरावली. हे पत्र मास्तरांच्या आशाबाई लिहून घेत आहेत. शिव्या तेवढ्या त्यांनी गाळल्या.

लढाईत मेले म्हणून नोंदलेले तुम्ही तुर्कांच्या कैदेतून सुटून कराचीच्या गोदीत कामाला राहिलात, असं हुकुमात आहे. तिथून एक कार्ड टाकलं नाहीत. आता पलटणीतला थकलेला पगार हवा झाला, तेव्हा मात्र अर्ज केलात, आणि त्या अर्जामुळेच सरकारला कळलं की जित्या माणसाच्या बायकोला विधवेची पेन्शन चालली आहे. पगारासाठी अकोल्यापर्यंत आलात, घरापर्यंत नाही.

तुम्ही पलटणीबरोबर बसऱ्याच्या लढाईवर निघालात तेव्हा मनकर्णा पोटात होती. ती त्या पेन्शनीवर वाढली. त्यातूनच पोट मारून दोन म्हशी घेतल्या. आज आम्ही दुधावर जगतो. त्या म्हशी काल जप्तीला लिहिल्या. पटवारी म्हणाला, "सरकार तरी काय करीन? तू खोटी बेवा निंगाली." खोटी मी निघाले, तुम्ही नाही.

सोमवारी मेहकरला तहसीलदारांपुढे मला तुमची ओळख द्यायची आहे. त्याशिवाय तुमचा पगार सुटत नाही, हे चपराशाने जाता जाता सांगितलं. म्हणून हे लिहिते आहे. माझी वसुली तुमच्या पगारातून कापावी, असं आत जाण्याआधी लिहून द्या. मग मी हो म्हणेन. नाहीतर हा माणूस मी कधी पाहिला नाही, असं सांगेन, आणि तोतयाचं काय करायचं ते सरकार पाहील. मनकर्णा सोबत असेल. तिने बाप पाहिलेला नाही. मी सांगेन ते ती मानेल.

सोमवारपर्यंत तुमचीच,
रुखमा