कोपरापर्यंत बांगड्या

सोनई
३ ऑगस्ट २०२५

चि. दिशा हिस अ. उ. आ.

फोनवर तू घाईत असतेस आणि मी बावचळते, म्हणून हे पत्र. दुपारी पेठ सुस्तावते. ऊन बांगड्यांच्या माळांतून आत शिरतं आणि भिंत हिरवी-लाल होते. गल्ल्यावर पेंगताना मला दिसतं, की बायका हात पुढे करून रांगेत उभ्या आहेत आणि रांग पार घोडेगावापर्यंत गेलीय. डोळे उघडावेत तर समोर एक कुत्रं!

सुनीलने ठरवून टाकलंय. दिवाळीपर्यंत विक्री वाढली नाही, तर गाळा मोबाईलवाल्याला भाड्याने द्यायचा आणि मी नागापूरला त्याच्याकडे जाऊन राहायचं. पोरगा वाईट नाही गं, काळजीच करतो. पण दिवसभर कुणाचा हात हातात न धरता मी करू काय? तू तर दुकानांच्या विक्रीवरून देशाची तब्येत सांगणाऱ्या हापिसात. माझ्या दुकानाचं काय होणार ते सांग.

माया आहेच, पत्राने ती ताजी ठेव.
तुझी मुक्ता आत्या

पुणे
१२ ऑगस्ट

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून शेजारच्या टेबलावरच्या जेनिफरला हसू आवरेना. कुत्र्याला तिने नमस्कार सांगितलाय.

अगं, आम्ही ज्योतिषी नाही. लोकांनी काय घेतलं तेवढं जमवतो. मीठ-साबण माणूस कसाही घेतोच. पण नसलं तरी चालेल असं काही घ्यायला लागला, की समजायचं, त्याला उद्याची धास्ती उरली नाही. तेव्हा बायका जास्तीच्या बांगड्या भरायला लागल्या, की बिनधास्त माल आण. मीसुद्धा पडद्यावरच्या रेघेकडे बघत बसते. ती वर चढली, की वाटतं, कुठेतरी कुणीतरी नवं काही घेऊन घरी चाललंय.

सुनीलदादाला म्हणावं, दम धर. तुझा आशीर्वाद असू दे.
दिशा

सोनई
५ ऑक्टोबर

चि. दिशास अ. उ. आ.

देश बरा झाला गं बाई! नवरात्रापासून दुकानात पाय ठेवायला जागा नाही. माझ्या मनातलं सगळं मी शेजारच्या छबूबाईपाशी बोलते, तीच पहिली आली. हातातल्या राहू द्या, वरूनच भरा म्हणाली. मग तिच्यामागे अख्खी आळी. नवी फॅशन हाय म्हणे. छबूबाईने तर कुणा पाहुणीसाठी सव्वादोनच्या मापाच्या दोन डझन बांधून नेल्या. तुझं ऐकून मी नगरहून पेट्याच्या पेट्या आणल्यात. माझी रांग खरी झाली बघ.

दिवाळीला ये.
आत्या

पुणे
११ ऑक्टोबर

ती. आत्यास शि. सा. न.

जेनिफरला पेढा दिला आणि टेबलाजवळच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘सोनई वर’. दिवाळीला जमेलसं वाटत नाही, काम फार आहे. रागावू नकोस.

तुझी दिशा

सोनई
२४ ऑक्टोबर

चि. दिशास अ. उ. आ.

फळा पुसून टाक. ऐन दिवाळीत एक बाई फिरकली नाही. पेट्यांकडे बघून मी रडकुंडीला आले. वसुबारसेला छबूबाईच्या वावरात गेले, तर सगळ्याजणी कोपरापर्यंत बांगड्या घालून कांद्याची रोपं लावत होत्या आणि एकही फुटू नये म्हणून वरून चिंध्या बांधलेल्या. मला बघून चोरी पकडल्यागत झाल्या. छबूबाई म्हणाली, की दुकान गेलं तर आमी हात कुनाच्या हाती द्यायचा? आता कोपरावर जागाच न्हाई, म्हणून आल्या नव्हत्या. मी बांधावर बसून रडले, मग हसू फुटलं.

पाडव्याला सुनील-रेश्मा आले. रेश्मा त्याला ओवाळायला उभी राहिली आणि ताटाशी दोन डझन सव्वादोनच्या खुळखुळल्या. छबूबाईची पाहुणी म्हणजे माझीच सून! सुनील तिच्या बांगड्याच मोजत बसला. मोबाईलवाल्याचं नाव त्याने काढलं नाही. सकाळी बघते तर हाच गडी दुकानाच्या शटरला ग्रीस लावतोय.

देशाचं काय ते तू बघ. माल पुष्कळ पडलाय आणि इथले सगळे हात भरलेत. मोकळे राहिलेत ते तुझे. तुझं माप माझ्या बोटांना अजून पाठ आहे. ये.

आत्या